नवसाच्या आजीचा किस्सा पुन्हा लिही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगसाठी लिहिलेले तुझे किस्से वाचले. हसलोही. पण कर्ज काढून नवसाचं कोंबडं देणाऱ्या आजीचा किस्सा खटकला. तिचं अडखळत बोलणं, थरथरत्या हातांनी कोंबडं धरणं, यावर तू टाळ्या घेतल्यास आणि तिला कर्ज काढायला लावणारा मात्र सहीसलामत सुटला. उपरोधाची धार कोणावर चालते, ते आधी बघत जा.

एकनाथांचं रोडग्याचं भारूड घे. 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला.' रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा जाडजूड गोळा. तेवढ्याच्या बदल्यात ही बाई काय काय मागते? गावाला गेलेला सासरा तिकडेच खपू दे, सासूला लवकर ने, जावेला बोडकी कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे आणि शेवटी नवराही नको! नवस हा सौदा आहे, असं नाथ कुठेही म्हणत नाहीत. ते नुसता भाव सांगतात, हिशेब ऐकणारा करतो. हे नातेवाईक म्हणजे मनातले विकार, असा अर्थ कीर्तनकार लावतात, तो आहेच. मला मात्र आधी सासुरवाशिणीचा कोंडलेला संताप ऐकू येतो. 16व्या शतकात तो चारचौघांत तिच्या तोंडून वदवणं ही लहान गोष्ट नव्हे. आपण पोट धरून हसतो, पण बाईची कीवच येते.

गाडगेबाबांनी तर कीर्तनात प्रश्नच विचारले, तेही वऱ्हाडीत. पोथीतल्या साधुवाण्याची बुडालेली नौका सत्यनारायणानं वर येते ना, मग लढाईत बुडालेल्या बोटी पूजा घालून वर काढा की! उत्तर समोरच्या गर्दीनंच द्यायचं. स्वतःच्या तोंडून निघालेलं 'नाही' माणसाला सहजी गिळता येत नाही. शिवाय बोलायला उभं राहण्याआधी बाबांनी त्याच गावचे रस्ते खराट्यानं झाडलेले असत. वडील दारूपायी गेले, मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली, हे त्यांनी लहानपणापासून भोगलं होतं. म्हणून त्यांचं बोलणं कितीही झोंबलं तरी त्यात तुच्छता नसे. लोक रागावून उठून जात नसत, रात्र रात्र बसत.

आणखी एक. तुझ्या किश्शांत बोली फक्त बावळट माणसं बोलतात, शहाणी सगळी प्रमाण मराठीत. हे मनापासून सांगतो, बदल. शहाणपणही बोलीतच बोलू दे.

आता आजीचा किस्सा नव्यानं लिही. नवस कुणी सांगितला, कोंबड्याचे पैसे कुणाकडून आणले, व्याज काय लावलं, हे तिलाच तिच्या भाषेत सांगू दे. 'म्हणून मित्रहो, अंधश्रद्धा सोडा' हे शेवटचं वाक्य काढून टाक. गॅदरिंगला अजून वेळ आहे. नवा खर्डा झाला की लगेच पाठव, मी वाट पाहतोय.

तुझा,
काका