जपानच्या बोळांत बंब शिरत नाही, मग आग विझवतात कशी?

तुमचा प्रश्न असा आहे: 'जपानमध्ये लाकडी घरं एकमेकांना खेटून असतात, गल्ल्या इतक्या अरुंद की धड रिक्षा वळायची नाही. अशा ठिकाणी आग लागली तर अग्निशमन दल पोचतं कसं आणि विझवतं कसं?'

आधीच सांगतो, मी अग्निशमन दलात नाही. पण टोक्योच्या सुमिदा वॉर्डात, क्योजिमा भागातल्या अशाच एका बोळात नऊ वर्षं राहतोय. इथल्या रहिवाशांच्या मंडळाच्या (त्याला 'चोनाइकाइ' म्हणतात) सरावात दरवर्षी नळी धरतो. आणि दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या मागच्या बोळातलं एक घर जळताना पाहिलंय.

थोडक्यात उत्तर: बंब आत येतच नाही. तो मोठ्या रस्त्यावर थांबतो, आत पाणी येतं, तेही माणसांच्या पायांनी. आणि पहिलं पाणी जळत्या घराच्या दर्शनी बाजूवर पडेलच असं नाही. ही दुसरी गोष्ट त्या रात्री पाहीपर्यंत माझ्याही डोक्यात शिरली नव्हती.

रात्रीचे पावणेदोन झाले असतील. इथे सायरन ऐकून आम्ही कूस बदलून झोपतो, पण सायरनच्या जोडीला घंटा ठणठणायला लागली की समजायचं, हा बंब आगीवरच चाललाय. त्या रात्री घंटा एकीकडून नाही, तीन-चार दिशांनी येत होती. बाहेर आलो तर मागच्या छपरांवर नारिंगी उजेड, आणि हवेत जळक्या प्लॅस्टिकचा वास. कोणीतरी आधीच ११९ ला फोन केला होता. (११९ लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो: 'काजी देसु का, क्युक्यु देसु का?' म्हणजे आग की ॲम्ब्युलन्स? नव्याने आलेल्यांनी एवढं वाक्य आणि आपला पत्ता जपानीत पाठच करावा.)

घंटा चारी दिशांनी का येतात, ते नंतर कळलं. सगळे बंब एकाच तोंडाशी येऊन उभे राहिले तर गल्लीच बुजेल. म्हणून पहिला जवळचा हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ) धरतो, पुढचे जळत्या घराच्या दुसऱ्या-तिसऱ्या बाजूचे हायड्रंट धरतात, आणि अख्खा ठोकळा वेढला जातो. ठोकळा म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा पुंजका. एकेका ठोकळ्यात पन्नास-साठ घरं सहज असतात, आणि पोटात आमच्यासारखे बोळ.

हायड्रंट आपल्याला सिनेमात दिसतात तसे खांबासारखे उभे नसतात. रस्त्याखाली असतात, वर लोखंडी झाकण, भोवती पिवळा पट्टा. जवान आकड्याने झाकण उचलतो, आत उभा पाइप बसवतो, चावीने पाणी सोडतो. बंबाच्या मागच्या बाजूला दोन चाकांची हातगाडी असते. तिच्यात नळी साडीच्या निऱ्यांसारखी घड्या घालून रचलेली असते. दोघंजण ती गाडी ओढत बोळात पळतात आणि मागे नळी आपोआप उलगडत जाते. नळीचा एक तुकडा २० मीटरचा, असे जोडून जोडून आत. रुंद नळी ६५ मिलिमीटरची, ती पुढे दोन तोंडांच्या जोडातून बारीक नळ्यांत फुटते, कारण भरलेली ६५ ची नळी घेऊन काटकोनात वळणं म्हणजे अजगराशी कुस्ती. पाणी येईपर्यंत नळी कात टाकल्यासारखी चपटी पडलेली असते. मग एकदम फुगते आणि बोळाच्या भिंतींवर आपटत सरळ होते. आमच्या शेजारच्या आजींच्या दोन कुंड्या त्यात गेल्या.

आता मूळ मुद्दा. आत माणूस असेल तर बाकी सगळं बाजूला; श्वसनयंत्र लावलेले जवान आधी त्याच्यासाठी शिरतात. त्या घरातले आजोबा-आजी आधीच बाहेर आले होते. पण मग मी पाहिलं ते असं: पुढच्या दारातून ज्वाळा येताहेत, लोक तिकडे बोट दाखवताहेत, आणि नळीवाले मात्र आमच्या बोळातून, म्हणजे मागच्या बाजूने येताहेत! एकाने आमच्या शेजारच्या आजींना दोन शब्दांत विचारलं, शिडी लावली, आणि त्यांच्या पडवीच्या कौलांवर उभा राहून तो पाणी मारू लागला. तेही आधी जळत्या घराची मागची भिंत आणि आजींचीच वळचण यांच्या मधल्या फटीत.

कारण साधं आहे. पुढे निदान रस्ता असतो, दोन मीटरचा का होईना. मागे आणि बाजूला तोही नसतो. जपानच्या दिवाणी कायद्यात हद्दीपासून ५० सेंटिमीटर सोडून बांधा असं म्हटलंय, पण जुन्या वस्तीत तेवढंही पाळलेलं नसतं. वळचणीला वळचण लागलेली. लाकडी घराची आग वर चढते, छताखालच्या पोकळीत शिरते आणि तिथून शेजारच्या वळचणीत. 'नागाया' म्हणून इथे आपल्या बैठ्या चाळीसारखी घरांची रांग असते. तिच्यात तर भिंत सामाईक आणि कित्येकदा छताखालची पोकळीही सलग. म्हणून इथला क्रम ठरलेला: आधी पाठ, मग कुशी, मग वरचा मजला, शेवटी तळमजला. जोराचा वारा असेल तर वाऱ्याच्या खालची बाजू, म्हणजे वारा जिकडे वाहतोय ती, सगळ्यात आधी. पेटलेलं घर बहुतेक गेलेलंच असतं, लढाई दुसऱ्या घरासाठी असते.

दरम्यान एक जवान आमच्या बोळात दारं ठोठावत फिरत होता. आम्हाला वाटलं, घर सोडा म्हणतोय. तो म्हणत होता: खिडक्या लावा, गॅलरीतले कपडे आणि गाद्या आत घ्या, रॉकेलचे डबे कुठे आहेत ते सांगा. थंडीत इथे घरोघरी रॉकेलचे हीटर असतात आणि दाराशी १८ लिटरचे लाल डबे. ठिणगी उडून वाळत घातलेल्या दुपट्यावर पडली तर तीन घरं पलीकडे नवी आग लागते, म्हणून काही माणसं फक्त उडत्या ठिणग्यांवर नजर ठेवायला असतात. मी चादरी ओढून आत फेकल्या. त्या रात्री माझं कर्तृत्व एवढंच.

चाळीसेक मिनिटांत ज्वाळा बसल्या, पण दल सकाळपर्यंत हललं नाही. छत उचकटून, भिंतीचा गिलावा ओढून, आत धुमसतंय का ते पाहत होते. त्यासाठी त्यांच्या हातात लांब दांड्याचा, वाकड्या चोचीचा आकडा होता. त्याचं नाव 'तोबिगुची', म्हणजे घारीची चोच. हे हत्यार तीनशे-साडेतीनशे वर्षं जुनं आहे, आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय उत्तर अर्धं राहील.

टोक्योचं जुनं नाव एदो. १६५७ च्या मेइरेकी आगीत हे शहर बहुतेक जळालं, मृतांचा आकडा एक लाख सांगतात. किल्ल्याचा मुख्य बुरूजही गेला, तो आजतागायत पुन्हा बांधलेला नाही. त्या काळी पाणी उडवायची साधनं म्हणजे जवळजवळ खेळणीच. मग आग अडवायची कशी? वाऱ्याच्या खालची घरं पाडून! १७२० मध्ये शहराचा दंडाधिकारी ओओका तादासुके याने सामान्य नगरवासीयांच्या तुकड्या बांधल्या. त्यांना जपानी वर्णमालेतल्या अक्षरांची नावं दिली. ('हि' म्हणजे आग, म्हणून ते अक्षर मुद्दाम गाळलं.) त्यांत भरणा होता 'तोबीं'चा, म्हणजे उंचावर परांची बांधणाऱ्या कामगारांचा. ज्याला घर उभं करता येतं, त्यालाच ते झटपट आडवं करता येतं. तुकडीचा एकजण झालरींचं निशाण घेऊन छपरावर उभा राहायचा. बाकीचे आकड्यांनी घर ओढून पाडायचे. तेव्हाही जळतं घर सोडून शेजारच्याकडेच पाहायचे. आज तिथे घर पाडण्याऐवजी पाणी मारतात, एवढाच फरक. आजच्या अग्निशमन कायद्यातही आग पसरू नये म्हणून शेजारची वास्तू तोडायचा अधिकार दलाला आहे.

पाण्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी मेख तिथे आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला तेव्हा जमिनीखालच्या नळवाहिन्या फुटल्या. नागाता वॉर्डात जवान हायड्रंट उघडत होते आणि पाणी येत नव्हतं. शेवटी समुद्रातून पाणी उपसून लांबच लांब नळ्या टाकल्या, तर त्यांच्यावरून गाड्या गेल्या आणि नळ्या फुटल्या. जवळजवळ सात हजार इमारती जळाल्या. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हा धडा या देशाने आधीही गिरवला होता, कोबेनंतर जास्त जोरात गिरवला. आज आमच्या घसरगुंडीच्या बागेखाली पाण्याची टाकी आहे. अशा टाक्या साधारणपणे ४० घनमीटरच्या, म्हणजे चाळीस हजार लिटरच्या, आणि भूकंप सोसतील अशा बांधायचा आग्रह असतो. सुमिदात 'रोजिसोन' नावाची गंमत आहे: घरांच्या पन्हळींचं पावसाचं पाणी जमिनीखाली साठवायचं आणि बोळाच्या कडेला हातपंप. एरवी पोरं त्यावर खेळतात, आजी झाडांना पाणी घालतात, म्हणजे पंप गंजत नाही.

बोळाबोळांत भिंतीला लाल पेटी असते, आत आग विझवायचं नळकांडं, कुलूप नाही. मंडळाकडे हायड्रंटला लावायचा उभा पाइप आणि बारीक नळीही आहे, दल येईपर्यंतच्या वेळासाठी. सरावात मी पहिल्यांदा ती धरली तेव्हा पाणी येताच दोन पावलं मागे फेकला गेलो. माझ्या मागे नळीला टेकू द्यायला उभे होते ते काका ७६ वर्षांचे! इथली खरी काळजी हीच. आग विझवणाऱ्या हौशी लोकांचं पथक, 'शोबोदान', देशभर आहे, दुकानदार, सुतार, नोकरदार अशांचं. त्यांची संख्या २०२२ मध्ये पहिल्यांदा आठ लाखांच्या खाली गेली. डिसेंबरअखेरीस रात्री लाकडी टिपऱ्या वाजवत 'हि नो योजिन' (आगीपासून सावध) असं ओरडत फेरी काढतो, त्यात पन्नाशीच्या आतले आम्ही तिघंच.

एवढं सगळं असून वाऱ्यापुढे कधीकधी काही चालत नाही. २२ डिसेंबर २०१६, नीगाता प्रांतातलं इतोइगावा. सकाळी साडेदहाच्या आसपास एका रामेनच्या (शेवयांच्या रश्श्याच्या) दुकानात शेगडीवर भांडं तसंच राहिलं. दक्षिणेकडून तुफान वारा सुटला होता. ठिणग्या लांब उडून जुन्या लाकडी घरांवर पडल्या, एकाच वेळी ठिकठिकाणी आग, आणि वेढा घालायचा तो कशाभोवती, हेच ठरेना. पाणी कमी पडलं तेव्हा काँक्रीट मिक्सरच्या गाड्यांतून पाणी आणलं. आग पूर्ण विझायला ३० तास लागले, १४७ इमारतींना झळ पोचली. एकही मृत्यू नाही, हे मला त्या सगळ्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. त्यानंतर नियम बदलला: ऑक्टोबर २०१९ पासून आगीवर स्वयंपाक करणाऱ्या टपरीवजा खानावळीलाही आग विझवायचं नळकांडं सक्तीचं.

आमच्या मागचं घर पूर्ण गेलं. आजींची पडवी काळी झाली, खिडकीची काच तडकली, बाकी काही नाही. भरपाई कोणी दिली? कोणीच नाही. १८९९ चा कायदा आहे, अजून लागू: चुकून लागलेल्या आगीत शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर घोर निष्काळजीपणा असल्याशिवाय त्याची भरपाई मागता येत नाही. लाकडी शहरात एका माणसाच्या चुकीने अख्खी गल्ली जाऊ शकते, तो बिचारा भरणार तरी कुठून? म्हणून प्रत्येकाने आपापला विमा काढायचा. कायद्याचं देणं नसलं तरी चौथ्या दिवशी ते आजोबा आमच्या दारात आले. दुसऱ्या कोणाचा तरी कोट अंगात, हातात मिठाईचा खोका. घरोघर जाऊन कमरेत वाकून 'त्रास दिला' म्हणत होते. माझ्याकडून नीट जपानी सुचलं नाही, मीही वाकलो.

ते दोघं आता मुलीकडे राहतात. जागा विकली, तिथे नवं घर झालंय. नियमाप्रमाणे नवीन बांधकाम बोळाच्या मध्यापासून दोन मीटर मागे घ्यावं लागतं, जुन्यांना पुन्हा बांधेपर्यंत माफी. त्यामुळे तेवढ्या एका घरापुरता तो बोळ हातभर रुंद झालाय. मागच्या सरावात आम्ही नळीची हातगाडी तिथेच वळवली.