जुने धुराडे, नवी शेगडी

प्रश्न : लाकडाची शेगडी काढून आम्ही पेलेटची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारी, शेगडी घेतली आहे. विटांचे धुराडे शाबूत आहे. आत मातीच्या नळ्यांचे अस्तर, पोकळी ८ इंच चौरस, उंची सुमारे २२ फूट. नव्या शेगडीचे धूर सोडणारे तोंड मात्र ३ इंचांचेच आहे. बसवायला आलेले मिस्त्री म्हणतात, नळी धुराड्यात फूटभर सरकवायची, भोवती पत्रा मारून सिमेंट लिंपायचे, झाले काम. एवढे धुराडे आयते असताना आणखी काही करायला हवे का? आणि वीज गेली तर धूर घरात येईल का?

उत्तर : धुराडे जरूर वापरा. मिस्त्रींनी सांगितले तसे मात्र नको.

लाकडाच्या शेगडीला पंखा लागत नाही. धूर तापून हलका होतो, वर चढतो आणि त्याच्यामागे खोलीतली हवा शेगडीत ओढली जाते. धुराड्यात ओढ असते तोवर एखादा जोड सैल असला तरी खोलीतली हवा त्या फटीतून आत जाते, धूर बाहेर येत नाही. पेलेटच्या शेगडीत धूर पंख्याने ढकलला जातो. नळीतला दाब खोलीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे केसाएवढी फट राहिली तरी धूर खोलीत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की त्याचा वास येत नाही. म्हणून पेलेटसाठीची नळी वेगळीच मिळते : दुहेरी भिंतीची, जोडाजोडात गॅस्केट असलेली. जुन्या शेगडीची काळी, एकेरी पत्र्याची नळी घरात पडून असेल तर ती इथे लावू नका. गॅसच्या उपकरणांची किंवा कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी तर मुळीच नको.

आता तुमच्या ८ इंची पोकळीकडे वळू. ३ इंच नळीचा छेद जेमतेम ७ चौरस इंच भरतो, तुमच्या धुराड्याचा ६४. बारीक नळीतून वेगाने आलेल्या धुराला एकदम नऊपट जागा मिळाली की तो रेंगाळतो. त्यात पेलेटचा धूर मुळातच कमी गरम, कारण शेगडीने बरीचशी उष्णता आधीच काढून घेतलेली असते. विटांना लागून तो निवतो, त्यातल्या वाफेचे पाणी होते, ते राखेत आणि जुन्या काजळीत मिसळून आंबट, तपकिरी होते आणि अस्तर व सांधे खाऊ लागते.

माझ्या घरी पहिल्या हिवाळ्यात नळी अशीच अर्धवट सोडली होती. महिनाभरात शेगडीची काच दोन-दोन दिवसांत काळी पडू लागली. ज्योत आखूड आणि चपळ हवी, ती लांब, नारिंगी, आळसावलेली. पेलेट बदलून पाहिले, पंखा खोलून साफ केला, दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलली. शेवटी धुराड्याच्या तळाचे झाकण उघडले तेव्हा ओल्या राखेचा चिखल हाताला लागला. पुढच्या वर्षी वरपर्यंत नळी टाकली आणि तीच शेगडी, तेच पेलेट असताना काच आठवडाभर स्वच्छ राहू लागली. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही सगळे त्याच खोलीत झोपत होतो, हे आठवले की आजही जीव घाबरा होतो. तुम्हाला एवढे बजावून सांगतो आहे ते त्यामुळेच.

तर धुराड्याच्या पोटातून खालपासून थेट डोक्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी टाकून घ्या, पेलेटच्या धुरासाठी बनवलेली. ती ३ इंचांची नको, ४ इंचांची घ्या. नळीत धुराला किती अडथळा होतो, याचा हिशेब बऱ्याच शेगड्यांच्या पुस्तिकेत असतो : उभ्या नळीच्या दर फुटाला अर्धा, आडव्या फुटाला एक आणि काटकोनी वळणाला किंवा टी-जोडाला ५ धरायचे. तुमचे उभे २२ फूट म्हणजे ११, तळाच्या टी-जोडाचे ५, शेगडीपासून भिंतीपर्यंत आडवा एखादा फूट धरला तर १. बेरीज १७. ती १५ च्या पुढे गेली की ४ इंची नळी सांगितलेली असते. तुमच्या पुस्तिकेत आकडे वेगळे असतील तर तेच पाळा.

नळी टाकण्याआधी धुराडे घासून जुनी काजळी पूर्ण काढून घ्या. ती पेट घेते. तळाला टी-जोड असा बसवा की त्याचे झाकण काढून राख काढता येईल. पोकळी खाली पत्र्याने आणि वर झाकणपट्टीने बंद करा. या धुराड्यात दुसरे कोणतेही उपकरण जोडू नका.

विजेचे म्हणाल तर, वीज गेली की पंखा थांबतो आणि पेलेट पुढे सरकवणारा स्क्रूही थांबतो. शेगडीतल्या जळणाच्या भांड्यात उरलेले पेलेट मात्र धुमसत राहतात. नळी भिंतीतून आडवी काढलेली असेल तर तो धूर घरात परतू शकतो. तुमच्याकडे २२ फूट उभी, गरम झालेली नळी असेल, तीच ओढ धरून उरलेला धूर वर नेते. धुराडे वापरा म्हणतो ते याचसाठी. तेवढा वेळ शेगडीचे दार उघडू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवाच.

प्रश्न : आमचे धुराडे विटांचे नाही, दुहेरी भिंतीचे उष्णतारोधक स्टीलचे आहे, ६ इंची. त्यालाही आत नळी लागेल का?

उत्तर : काही शेगड्यांना ३ वरून ६ इंचांवर नेणारा जोड लावायला परवानगी असते. शेगडी आणि धुराडे, दोन्हींच्या पुस्तिकांत तसे लिहिलेले असेल तरच तो लावा. तरीही मी ४ इंची नळीच टाकेन, कारण त्या धुराड्याचे जोड दाबाखालचा धूर अडवायला बनवलेले नसतात. सफाई मात्र दोन्हीकडे सारखीच : एक टन पेलेट जळले की किंवा वर्ष भरले की, जे आधी होईल तेव्हा, ब्रश खालून वरपर्यंत फिरवा.