वाचकांचे प्रश्न : पुस्तकावरून पिक्चर

या वेळी विषय दिला होता पुस्तकांवरून केलेले पिक्चर, आणि बऱ्याच पत्रांचा सूर एकच, की पुस्तकाची पार वाट लावतात हे लोक. त्यातले काही प्रश्न घेतोय.

प्रश्न : माझा सगळ्यात आवडता भागच पिक्चरमधून उडवलेला असतो. एवढं गाळायचं तर मग पुस्तक घ्यायचंच कशाला?

उत्तर : राग समजतो, पण माझं मत उलटं आहे, बरेचसे पिक्चर फसतात ते कमी गाळल्यामुळे. जाडजूड कादंबरी आपण आठवडाभर पुरवून वाचतो आणि पिक्चरला मिळतात दोन-अडीच तास, म्हणजे कात्री लागणारच, बघायचं एवढंच की ती कुठे लागली. 'जॉज' घ्या. पीटर बेंचलीच्या १९७४ च्या कादंबरीत शार्क आहेच, पण पोलीस चीफ ब्रोडीची बायको आणि तो शास्त्रज्ञ हूपर यांचं लफडंही आहे, शिवाय मेयरचे माफियाशी लागेबांधे. १९७५ च्या पिक्चरमध्ये स्पीलबर्गने हे दोन्ही सरळ काढून टाकलं, आणि गंमत म्हणजे स्क्रीनप्लेवर खुद्द बेंचलीचंही नाव आहे. लफडं गेल्यामुळे काय झालं बघा, शेवटी बोटीवर ब्रोडी, हूपर आणि क्विंट असे तिघं उरतात तेव्हा आपण तिघांच्याही बाजूने असतो. पुस्तकात हूपर मरतो आणि खरं सांगायचं तर फार वाईट वाटत नाही, पिक्चरमध्ये तो वाचतो आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. (शार्क कमी दिसतो त्याचं श्रेय मात्र शार्कच्या मशीनला, शूटिंगमध्ये ते सारखं बंद पडायचं.)

'गॉडफादर'चंही तसंच, गायक जॉनी फोंटेनचा मोठा पसारा पहिल्या पिक्चरमध्ये आटपला आणि म्हाताऱ्या डॉन व्हिटोचं तरुणपण राखून ठेवलं ते १९७४ च्या दुसऱ्या भागाला कामी आलं.

प्रश्न : तुमचं स्वतःचं फेवरेट कुठलं? एकच सांगा, यादी नको.

उत्तर : 'सिंहासन', १९७९, जब्बार पटेल. अरुण साधूंच्या एक नाही तर दोन कादंबऱ्या आहेत त्यात, 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक', आणि तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना त्या अशा एकत्र केल्यात की शिवण सापडत नाही. एवढी पात्रं, मंत्री, कामगार नेता, स्मगलर, कोण कुणाच्या बाजूने आहे हेच दर पाच मिनिटांनी बदलतं, तरी आपण हरवत नाही कारण निळू फुलेंचा पत्रकार दिगू टिपणीस सगळीकडे जाऊन बसतो. कादंबरीत लेखक आपल्याला माणसांच्या डोक्यात नेऊ शकतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही, मग ते काम दिगूच्या चेहऱ्याने केलंय. तो काही बोलत नाही, नुसता ऐकतो, आणि समोरच्याचं पाणी आपल्याला कळतं.

एकच म्हणालात तरी दुसरं सांगतोच, 'पथेर पांचाली'. विभूतिभूषणांच्या कादंबरीत छोट्या अपूच्या बहिणीला, दुर्गाला, आगगाडी बघायला मिळतच नाही, राहूनच जातं बिचारीचं. सत्यजित रायनी १९५५ च्या पिक्चरमध्ये ती गाडी भावाबहिणीला काशगवतातून धावत जायला लावून दाखवली. म्हणजे पुस्तकाच्या बरोब्बर उलटं केलं, आणि आज त्या पिक्चरचं नाव काढलं की लोकांना पहिला तोच सीन आठवतो.

प्रश्न : लेखकालाच पिक्चर आवडला नाही तर तो फसला असंच म्हणायचं ना?

उत्तर : नाही हो. आर. के. नारायण 'गाइड'वर इतके वैतागले होते की त्यावर त्यांनी एक खुसखुशीत लेखच लिहिला, त्यांचं छोटंसं मालगुडी जाऊन तिथे उदयपूरचे महाल आलेले, कोणाला राग येणार नाही! पण विजय आनंदचा १९६५ चा पिक्चर म्हणून तो जबरदस्तच आहे, वहिदाची रोझी, बर्मनदांची गाणी. फक्त दोघं वेगळ्या गोष्टी सांगतायत एवढं मान्य करायचं.

स्टीफन किंगचंही 'शायनिंग'वरून दिग्दर्शक कुब्रिकशी कधी जमलं नाही, आणि इथे मी थोडा किंगच्या बाजूने आहे. कादंबरीतला जॅक हळूहळू बिघडत जाणारा बाप आहे, शेवटी क्षणभर भानावर येऊन पोराला पळ म्हणतो. पिक्चरमध्ये जॅक झालेला निकल्सन पहिल्या सीनपासूनच डेंजर दिसतो, मग घसरण कसली दिसणार? पण पुढे १९९७ मध्ये किंगने स्वतः लिहून पुस्तकाला धरून टीव्ही मालिका केली, आणि भीती वाटायला लोक आजही कुब्रिकचाच पिक्चर लावतात.

प्रश्न : कादंबरीपेक्षा कथेवरचे पिक्चर जास्त जमतात का?

उत्तर : बऱ्याचदा हो. 'शॉशँक रिडेम्प्शन' किंगच्याच एका दीर्घकथेवरून आलाय, तिथे गाळण्यापेक्षा भर घालायला जागा होती.

प्रश्न : पुस्तक आधी वाचावं की पिक्चर आधी बघावा?

उत्तर : रहस्यकथा असेल तर पुस्तक आधी, एकदा खुनी पडद्यावर दिसला की तीनशे पानं रेटणं जड जातं. 'सिंहासन'ला उलटं करा, पात्रांचे चेहरे डोक्यात असले की साधूंच्या कादंबऱ्यांतली गर्दी सोपी होते. 'गाइड'ला कुठूनही सुरुवात करा, शेवटी पिक्चरमध्ये पाऊस पडतो आणि पुस्तकात तो खरंच आला की नायक राजूला नुसता भास झाला हे नारायण सांगतच नाहीत, त्यामुळे एकाने दुसऱ्याचा सस्पेन्स फुटत नाही.