उघडी ठेवलेली एकच खिडकी

प्रश्न : आजी, मी फिलिप पुलमन यांची 'हिज डार्क मटेरिअल्स' ही तीन पुस्तकं दिवाळीच्या सुट्टीत वाचून काढली. शेवट वाचून लेखकाचा भयंकर राग आला. विल आणि लायरा इतक्या जगांतून एकत्र फिरतात आणि शेवटी कायमचे वेगळे होतात. वर्षातून एकदा विलच्या जादूई सुरीनं दोन जगांमधली खिडकी हळूच उघडून परत बंद केली असती तर काय बिघडलं असतं? आई म्हणते, गोष्टच आहे, सोड आता. मला सोडता येत नाही.
(इयत्ता आठवी, मिरज)

उत्तर : बाळा, सोडूच नकोस. तिसरा भाग 2000 साली निघाला. तो माझ्या हाती आला तेव्हा मी शाळेचं ग्रंथालय सांभाळत होते, तरीही रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात बसून रडले होते. (ज्यांनी ही पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी पुढचं वाचू नये, शेवट उघड केल्याशिवाय मला बोलता येणार नाही.)

आधी तुझ्या युक्तीचं बघू. सुरीनं खिडकी कापली की दर वेळी एक नवा स्पेक्टर, म्हणजे भुतासारखा एक जीव, जन्माला येतो, मग ती खिडकी पाच मिनिटांसाठी उघडलेली का असेना. चित्तागात्से शहर आठव. रस्त्यांवर नुसती मुलंच मुलं, कारण स्पेक्टर मोठ्या माणसांना आतून पोकळ करून टाकतात. वर्षातून एकदा भेटायचं म्हणजे दर वर्षी असं एक संकट कुणाच्या तरी दारात सोडून यायचं. विलला हे कळल्यावर त्याचा हात सुरीकडे जाईल का?

मग एकानं दुसऱ्याच्या जगात राहायला जावं, असंही तुझ्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर विलच्या वडिलांनी मेल्यानंतर दिलं आहे. परक्या जगात गेले तेव्हा ते चांगले धडधाकट होते, आणि दहा-एक वर्षांत आजारानं पार खचले. लायरा आणि विल दोघंही एकमेकांसाठी तेवढं आयुष्य घालवायला तयार होतात, पण दुसऱ्याला तसं झिजताना बघायला दोघांपैकी कुणीच तयार नसतं.

तुझा खरा प्रश्न मात्र पुढेच आहे. बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागणार होत्या, पण एक खिडकी उघडी ठेवायची मुभा त्यांना होती! देवदूत तसं सांगते, आणि क्षणभर दोघांना वाटतं की सुटलो. ती खिडकी त्यांनी स्वतःसाठी का ठेवली नाही? कारण मेलेल्यांच्या जगातून बाहेर पडायलाही अशीच एक खिडकी लागत होती, आणि मुभा एकाच खिडकीची होती. त्या अंधारात कोण होतं आठवतंय? रॉजर. लायराचा जिवलग दोस्त. पहिल्या भागात लायराच त्याला नकळत मृत्यूच्या तोंडी घेऊन गेली होती. ती खिडकी बुजवली असती तर रॉजरच्या मागून येणारे सगळे, आज मेलेले आणि उद्या मरणारे, कायमचे आत अडकले असते. त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. तेरा वर्षांच्याही आतली ही दोन पोरं त्यांच्या बाजूनं बोलली. मला रडू आलं ते या जागी, ताटातुटीच्या जागी नाही.

तुझ्या रागातली एक तक्रार मात्र मी लेखकाकडे पोचवली असती. स्पेक्टरांचा नियम त्यांनी फार उशिरा सांगितला. शेवटच्या काही प्रकरणांत तो अचानक समोर येतो, म्हणून आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. वडिलांचं बोलणं आधी येऊन गेलेलं असतं, तसाच याचाही धागा दुसऱ्या भागात अधिक स्पष्ट दिसायला हवा होता. पण लेखकानं मुद्दाम रडवलं, असं मी म्हणणार नाही. पुलमन ऑक्सफर्डमध्ये तुझ्याच वयाच्या मुलांचे शिक्षक होते. मुलांना असा अवघड निर्णय पेलतो, यावर त्यांचा विश्वास आहे.

सुरी शेवटी कशी मोडते तेही बघ. पहिल्यांदा ती मोडली तेव्हा विलच्या मनात आई आली होती. शेवटी तो मुद्दाम मोडायला घेतो आणि लायराचा विचार करतो. पुलमननी हे दोन प्रसंग किती लांब ठेवलेत, आणि तरी किती जवळ!

ज्या बाकावर दरवर्षी उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता, आपापल्या जगात, बसायचं दोघं ठरवतात, तो बाक ऑक्सफर्डच्या 1621 साली सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात खरोखरच आहे. त्यावर वाचकांनी विल आणि लायराची नावं कोरली आहेत. म्हणजे सोडता न येणारा तू एकटा नाहीस.

आता एक कर. तिसऱ्या भागात रॉजर खिडकीतून पहिलं पाऊल बाहेर टाकतो ते पान काढ आणि आईला मोठ्यानं वाचून दाखव. तो बाहेर येताना हसतो, तिथे थांब. आई काय म्हणाली ते मला कळव.