पेट्रोल येतंय का, ते आधी बघा

'पंप बदलला, कार्बोरेटर खोलला, फिल्टर टाकला, तरी तेच.' जुन्या गाड्यांबद्दल येणाऱ्या पत्रांत हे वाक्य इतक्यांदा असतं, की हल्ली मी पत्राचा शेवट आधी वाचतो. कोणी काही मोजून बघितलं, असं मात्र कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून या वेळी सगळे प्रश्न टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेचेच घेतले आहेत. (गाडीतला पंप टाकीतलं पेट्रोल पुढे ढकलतो, कार्बोरेटर ते हवेत मिसळून इंजिनाला देतो.)

प्रश्न : माझी १९९४ ची मारुती ८०० सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. हायवेला वीस-पंचवीस मिनिटं चालली की झटके देते, गुदमरते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठणठणीत. कार्बोरेटर दोनदा साफ केला, पंप नवा टाकला. आता मिस्त्री म्हणतात, इंजिनकाम काढावं लागेल.

इंजिनाला हात लावू देऊ नका. गेलेलं इंजिन दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरं होत नाही.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की बॉनेट उघडायच्या आधी मागे जा आणि टाकीचं झाकण उघडा. 'सुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दुखणं सापडलं. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट, म्हणजे झाकणातला व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी, बुजली की टाकी आतून ओढ धरते आणि नवा पंपही हात टेकतो. भाजी आणायला चार किलोमीटर जाताना हे कळत नाही, हायवेला कळतं. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातलं कुलपाचं झाकण बसवलं आहे का, तेही बघा. त्यातल्या कित्येकांना हवेचं भोकच नसतं.

झाकणाने फरक पडला नाही तर किल्ली बंद करा, एअर फिल्टर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरची केबल हाताने एकदा ओढा. पेट्रोलची बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. धार आहे म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत, पेट्रोल आहे आणि दुखणं बहुधा पेट्रोलचं नाही. तापल्यावर मान टाकणारी इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीला वीज देणारी) हुबेहूब हीच लक्षणं दाखवते. धार नाही, तर फिल्टर, नळ्या, टाकीतली जाळी असं मागे मागे जायचं. हे सगळं गाडी बंद पडलेल्या त्या क्षणी बघावं लागतं. गॅरेजपर्यंत नेईस्तोवर ती बरी झालेली असते आणि मग अंदाजाने पंप बदलले जातात. मिस्त्रींना शेजारी बसवून हायवेला एक चक्कर मारून आणा. ते यायला तयार नसतील, तर दुसरे मिस्त्री बघा.

प्रश्न : पेट्रोल फिल्टर किती किलोमीटरला बदलावा?

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढ्याला. टाकी गंजली असेल तर त्याच्या निम्म्याला. फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेला.

प्रश्न : वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. मे महिन्यात कसारा घाट चढताना बंद पडते. वडील पंपावर ओलं फडकं ठेवतात, मग चालते. हा खरा उपाय की जुन्या लोकांची समजूत?

फडकं खरं आहे. इंजिनाला चिकटलेला पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. फडक्याने वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. पण पद्मिनी नवी असतानाही मे महिना होता आणि घाटही होता, तेव्हा प्रत्येक गाडीला फडकं लागत नव्हतं. पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारा एक जाड तुकडा असतो. पंप बदलताना तो फेकून नुसतं गॅस्केट लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तो आहे का बघा. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला खेटून जाते का, तेही बघा. रेडिएटर साफ नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. फडक्याचं पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना वीज वाटणाऱ्या डबीवर) जाऊ देऊ नका, नाहीतर दुसराच आजार अंगावर घ्याल.

प्रश्न : २००४ ची सँट्रो अचानक सुरू होईना. गॅरेजवाला म्हणाला, पंप गेला. कंपनीचा महाग आहे, 'तसाच' पंप एक तृतीयांश किमतीत बसवून देतो म्हणतो. बसवू का?

पंप गेला हे त्याने कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. या गाडीत पंप टाकीतच असतो. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. आली नाही म्हणून पंप मेला असं होत नाही. फ्यूज, रिले, अर्थिंगची वायर हे सगळं पंपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि तितक्याच वेळा जातं. पंपाच्या कनेक्टरवर करंट पोचतोय का, हे मीटर लावून पाच मिनिटांत कळतं. उलट गुणगुण आली म्हणून पंप ठीक, असंही नाही; प्रेशर मोजावं लागतं. बहुतेक एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत ते ३ बारच्या आसपास असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. ज्याच्याकडे प्रेशर गेज नाही, त्याला पंपावर निकाल द्यायचा अधिकार नाही.

पंप खरोखरच गेला असेल तर 'तसाच' घेऊ नका. स्वस्तातला पंप दोन महिन्यांत गेला, की टाकी उघडायची मजुरी तुम्ही पुन्हा देता. बसवणाऱ्याला दोनदा मिळते, तो कशाला बोलेल? एक सवयही बदला. हा पंप भोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो. कायम रिझर्व्हवर गाडी फिरवणारे त्याला कोरडा भाजतात. आणि या गाडीत घरी नळी सोडायचा प्रयोग नको. दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं.

प्रश्न : पेट्रोल पंपावर इंजेक्टर साफ करायची बाटली घ्या म्हणून मागे लागतात. टाकीत ओतावी का?

बंद पडणाऱ्या गाडीला बाटली हा इलाज नाही. तपासणी करून घ्या.

प्रश्न : १९९८ ची कार्बोरेटरवाली ओम्नी आहे. आत सारखा पेट्रोलचा वास येतो. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) दर महिन्याला चोक होतं, साफ केलं की महिनाभर ठीक. मिस्त्री म्हणतात, जुन्या गाडीला वास यायचाच.

नाही! जुन्या गाडीला पेट्रोलचा वास 'यायचाच' असं काही नसतं. वास म्हणजे गळती. आणि ओम्नीत तुम्ही इंजिनाच्या डोक्यावर बसलेले असता, हे मिस्त्रींना ठाऊक नाही का?

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, मला त्यात एकच दिसते. मागे एका गाडीचं जेट तिसऱ्यांदा साफ करायला आलं. कार्बोरेटरच्या वाटीत तळाला काळी पूड होती, काजळीसारखी. गंज तांबूस असतो, ही काळी कुठून आली? पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची नळी काढली. बाहेरून चकचकीत. ब्लेडने उभी चिरली, तर आतून उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा, आणि बोट फिरवलं तर बोट काळं. नळीच पोटातून झडत होती. तिचे कण फिल्टरच्या पुढच्या वाटेवर पडत होते, म्हणून फिल्टर कितीही बदलला तरी जेटला सुटका नव्हती.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं २००३ मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झालं. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं, २०२५ मध्ये २०. तुमच्या ओम्नीतलं रबर १९९८ चं किंवा त्यानंतर कोणीतरी रस्त्यावरून आणून लावलेलं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, सुकलं की तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं पंप ओढतो तिथे. इथेनॉलने इंजिन फुटतं, असे व्हॉट्सॲपवर फिरणारे निरोप मला पाठवू नका, फुटत नाही. पण रबर खातं, आणि त्याबद्दल कोणी निरोप पाठवत नाही.

करायचं ते असं. रबराच्या सगळ्या नळ्या एकदम बदला. परतीची आणि टाकीच्या तोंडाचीही. नळीवर 'एसएई जे३० आर९' हा पेट्रोलच्या नळीचा दर्जा छापलेला बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी चालणार नाही, ती काही महिन्यांत काडीसारखी कडक होते. नळीला तारेचा पीळ मारला असेल तर तो काढून टाका, नीट क्लॅम्प लावा. ऑइलची पट्टी काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल, तर पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटून पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. मग गाडी सुरूच करू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला. गाडी गॅसवर चालवायचं किट असेल तर ते बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडूनच तपासून घ्या. आणि हे या आठवड्यात करा, दिवाळीनंतर नको.

प्रश्न : जुन्या डिझेल इंडिकाचा फिल्टर मी स्वतः बदलला. आता सुरूच होत नाही.

लाइनमध्ये हवा राहिली. हातपंप दाबत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. तेवढ्याने नाही झालं तर डिझेल पंपवाल्याला बोलवा. कॉमन रेल (नव्या, फार जास्त दाबाच्या डिझेल) गाडीत मात्र नटाला हातही लावू नका. तिथला दाब कातडीतून आत शिरतो.

प्रश्न : गाडीखाली पेट्रोलचे थेंब पडताहेत, पण चालते व्यवस्थित. रविवारी लग्नाला चाळीस किलोमीटर जायचंय. जाऊन आल्यावर दाखवली तर चालेल का?

नाही. लग्नाला एसटीने जा. गाडी सुरू न करता पोर्चमधून उघड्यावर ढकलून ठेवा. बॅटरीची वायर स्वतः काढायला जाऊ नका, ठिणगी उडते. मिस्त्रींना फोन करून घरी बोलवा, आजच.