ताप उतरल्यावरही अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करावाच लागतो का?

डॉक्टरांनी जितके दिवस लिहिलेत तितकेच. तुम्ही विचारताय, बरं वाटल्यावर गोळ्या कशाला? आमच्याकडे नेमकं उलटं झालं, म्हणून लिहिते.

२०२२ च्या पावसाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. वय ७४. डॉक्टरांनी ६२५ च्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी तिने स्वतः उठून चहा टाकला. पण दादाचं एकच, "पाच दिवसांचा कुठं कोर्स असतो? अर्धवट सोडलं की जंतू माजतात." मेडिकलमधून आणखी दोन पाकिटं आणली. पाकिटावर लाल रेघ, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, तरी ती कुणी मागितली नाही. मी अडवलं तर म्हणाला, "तू काय डॉक्टर आहेस?" नवव्या दिवशी आईला जुलाब लागले. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची. जीभ इतकी कोरडी की बोलताना टाळूला चिकटायची. तीन दिवस सलाईनवर होती.

तीन दिवसांत ताप उतरून धाप कमी झाली तर साध्या न्यूमोनियाला पाच दिवस पुरतात. २०२४ मध्ये तर रक्तातल्या संसर्गाच्या साडेतीन हजारांवर रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, सात देशांतला. सात दिवस औषध घेतलेले चौदा दिवसवाल्यांच्या मागे पडले नाहीत. जादा गोळ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंना मारतात आणि तिथेच औषधाला दाद न देणारे जंतू पोसले जातात. म्हणजे दादा ज्याला घाबरत होता, तेच लांबलेल्या कोर्सने होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनी १९४५ च्या नोबेल भाषणात कमी पेनिसिलिन घेऊ नका म्हणून घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसचं उदाहरण दिलं होतं. तो जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो.

हे वाचून टीबीच्या गोळ्या मात्र बंद करू नका. तिथे सहा महिने म्हणजे सहा महिने. स्ट्रेप्टोकॉकसने मुलांचा घसा धरला तर पेनिसिलिन दहा दिवस, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपांवर येऊ शकतं. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला तर कमीत कमी चौदा दिवस, आणि वरचा अभ्यास त्या रुग्णांवर नव्हताच. लवकर थांबवायचं असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. वाढवायचं असेल तरीही विचारा, भावाला नव्हे.

दादा अजून म्हणतो, जुलाब पाण्याने झाले. त्या आठवड्यात त्याच पिंपातलं पाणी आम्ही पाचही जण पीत होतो.