शास्त्रीय संगीतासाठी पहिला हेडफोन निवडताना

आपण आधी हेडफोन ठरवावा आणि डीएसी (डिजिटल फाइलचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) किंवा अँप्लिफायरचा विचार नंतर करावा, कारण ऐकण्यात सर्वाधिक फरक हेडफोनमुळेच पडतो. शांत खोलीत ऐकायचे असल्यास ओपन-बॅक, म्हणजे मागची बाजू जाळीदार, उघडी असलेला हेडफोन उत्तम, त्यात तानपुऱ्याची आस मोकळी पसरते. लोकलच्या गर्दीत मात्र त्याचा काहीही उपयोग नाही, तिथे कानात नीट बसणारे इअरफोनच घ्यावेत.

दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण किंचित मोठ्याने वाजणारा संच हटकून सरस वाटतो. पूर्ण परिचयाचा एखादा विलंबित ख्याल लावावा आणि डग्ग्याचा घुमारा गायकाच्या खर्जाला झाकतो का, तारसप्तकातला आकार टोचतो का, गायक क्षणभर थांबल्यावर मागचे दोन तानपुरे वेगळे ओळखू येतात का, एवढेच पाहावे. दुकानात दोन मिनिटांत हे कळत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

सुरुवातीला बहुतेकांच्या हातून होणाऱ्या चुका अशा:

- सेनहायझर एचडी 600 सारखा 300 ओहमचा, म्हणजे विद्युत अवरोध जास्त असल्याने मोबाइलला नीट न पेलणारा हेडफोन थेट मोबाइलला जोडणे. आवाज दबका येतो आणि दोष हेडफोनला दिला जातो.
- 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या मुद्रणातली खरखर हा उपकरणाचा दोष समजणे.
- भरदार बासला भुलणे.

हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या फायलींच्या मागे सध्या लागू नये. सीडीचा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा दर्जा आपल्याला पुरेसा आहे.